मासळीत शोधलं, पागात सापडलं

मशीनने तीन मिनिटं घेतली आणि आकडा दाखवला: ३१. रक्तातलं शिसं, मायक्रोग्रॅम प्रति डेसीलिटर. मुलगी अडीच वर्षांची. आजीच्या मांडीवर बसून ती बोटाला लावलेल्या कापसाकडे बघत होती. रडून झालं होतं आणि आता तिला तो कापूस सोलायचा होता. जुलैचा शेवटचा आठवडा, बाहेर धो धो पाऊस, पत्र्यावरच्या आवाजात एकमेकांचं बोलणं ऐकू येईना. खरं म्हणजे आम्ही त्या घरात शिशासाठी गेलोच नव्हतो. आम्हाला पारा हवा होता.

सार्वजनिक आरोग्याच्या वर्गात हे प्रकरण मी दरवर्षी शिकवते. मुंबईतल्या खाडीकाठच्या एका कोळीवाड्यातलं आहे. कोणता ते सांगत नाही, आणि ओळख पटेल असे घरचे तपशील बदलले आहेत. आमच्या चुका मात्र होत्या तशाच ठेवल्या आहेत.

आम्ही का गेलो होतो

विद्यापीठाच्या पथकाचा प्रश्न साधा होता. खाडीतली मासळी आठवड्यातून पाच-सहा दिवस खाणाऱ्या घरांत माणसांच्या अंगात जड धातू किती साठतात? ठाणे-बेलापूर पट्ट्यात १९६० च्या दशकापासून रसायनांचे कारखाने आले, खाडीच्या गाळात धातू साठत गेले, त्यामुळे प्रश्न रास्तच होता. त्याच्या मागे मिनामाताची सावलीही होती. जपानमधल्या त्या गावात १९५६ मध्ये आजार नोंदला गेला, आणि पारा कारखान्याच्या सांडपाण्यातून मासळीत आणि मासळीतून माणसात गेल्याचं पुढे उघड झालं. पर्यावरणीय आरोग्य शिकणाऱ्या कुणालाही मासळी म्हटलं की आधी मिनामाता आठवतं. आम्हालाही तेच आठवलं आणि प्रश्नावली त्याच अंगाने लिहिली गेली.

पाऱ्यासाठी मानेजवळचे केस घ्यायचे. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, त्यामुळे मुळापासूनचा एकेक सेंटिमीटर म्हणजे मागचा एकेक महिना. शिशाची चाचणी आम्ही जवळजवळ फुकटात जोडली होती: बोटाच्या थेंबावर चालणारं मशीन एका विभागाकडे पडून होतं, म्हणून.

वस्तीत आम्हाला कुणी हार घालून घेतलं नाही. ‘खाडीतल्या मासळीत विष’ अशी बातमी छापून आली की दुसऱ्या दिवशी बाजारात पाटी उतरवणाऱ्या बाईला काय ऐकावं लागतं, ते तिथल्या प्रत्येक बाईला पाठ आहे. गिऱ्हाईक पापलेट हातात घेतं, कल्ले उघडून बघतं, आणि विचारतं, “कुठल्या पाण्यातलं?” या मुलीच्या आजीने दारातच सांगितलं, “आमच्या म्हावऱ्याचं नाव खराब करायचं नसेल तरच आत या.” आम्ही हो म्हणालो. पण संशोधनाचा निष्कर्ष काय येईल ते आधी ठाऊक नसताना असं हो म्हणता येतं का, यावर वर्गात दरवर्षी भांडण होतं. व्हायलाच हवं.

३१ म्हणजे नेमके किती

बोटातून घेतलेल्या थेंबावर फार भरवसा ठेवायचा नसतो. कातडीवर शिशाची धूळ असली तर ती थेंबात मिसळते आणि आकडा फुगतो. म्हणून हात साबणाने धुवायचे, मग स्पिरिट, मग टोचायचं. आम्ही हे सगळं केलं होतं, पण अडीच वर्षांच्या मुलीचा हात धुऊन झाल्यापासून टोचेपर्यंत कुठे कुठे जातो ते ज्याला मूल आहे त्याला विचारा. शिरेतून रक्त घेऊन प्रयोगशाळेत पाठवलं. पाच दिवसांनी उत्तर आलं: २२. कमी होतं, पण चांगलं नव्हतं.

इथे मर्यादांचा इतिहास माहीत असायला हवा. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने मुलांच्या रक्तातल्या शिशासाठी १९९१ मध्ये १० चा आकडा धरला. २०१२ मध्ये तो ५ झाला, २०२१ मध्ये साडेतीन. शिसं मधल्या काळात जास्त विषारी झालं नाही, आपल्याला दिसायला लागलं. २००५ मध्ये सात अभ्यासांतली मुलं एकत्र करून केलेल्या विश्लेषणात असं दिसलं की रक्तातलं शिसं २.४ वरून १० वर गेलं की बुद्ध्यंक ३.९ अंकांनी घटतो. १० वरून २० पर्यंत गेलं की आणखी १.९ अंकांनी, २० वरून ३० पर्यंत १.१ अंकांनी. पहिल्या पायरीवरच सगळ्यात जास्त नुकसान. विद्यार्थ्यांना हे उलटं वाटतं. त्यांच्या डोक्यात विषाचा आलेख सरळ वर चढणारा असतो.

मुंबईसाठी हा विषय नवा नाही. १९९८-९९ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात मुंबई आणि दिल्लीतल्या तीन वर्षांखालच्या मुलांचं रक्त शिशासाठी तपासलं होतं. त्यातल्या १,०८१ मुलांच्या नोंदी घेऊन नितीन जैन आणि हॉवर्ड हू यांनी २००६ मध्ये शोधनिबंध लिहिला: तीन चतुर्थांश मुलं ५ ते २० च्या दरम्यान. तेव्हा शिसं घातलेलं पेट्रोल रस्त्यावर होतं. देशभरातून ते २००० साली गेलं. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाची ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. पेट्रोल गेलं, रंग सुधारले, त्यामुळे शिशाचा प्रश्न सुटला असा एक समज आमच्याही मनात कुठेतरी होता. २२ च्या आकड्याने तो मोडला.

औषधाचं काय, हे आईने पहिल्याच मिनिटाला विचारलं. शिसं बांधून बाहेर काढणारी औषधं आहेत, पण ती साधारण ४५ आणि त्यावरच्या आकड्याला देतात. २० ते ४४ मधल्या मुलांना ती देऊन पाहिली गेली आहेत. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत रक्तातलं शिसं उतरलं, पण मुलांच्या बुद्धीच्या चाचण्यांत फरक दिसला नाही. म्हणजे या मुलीसाठी उपाय एकच: शिसं कुठून येतंय ते शोधायचं आणि थांबवायचं. डॉक्टरकडे देण्यासारखं काही नसतं तेव्हा घर तपासावं लागतं.

पहिला शोध

रंगाची बंदूक म्हणावी असं एक्स-रे फ्लुरोसन्सचं हातातलं यंत्र असतं. वस्तूवर टेकवलं की त्यात कोणते धातू किती ते काही सेकंदांत सांगतं. दुसऱ्या विभागाकडून ते दोन दिवसांसाठी मागून आणलं. माझ्या वहीत त्या दिवशीची यादी अशी आहे: मिसळणाचा डबा, काजळाची डबी, देव्हाऱ्यातला शेंदूर, भिंत, खिडकीची चौकट, खेळणी, कढया.

हळद आधी. बांगलादेशात हळदीचा रंग खुलवायला लेड क्रोमेट हे शिशाचं पिवळं रसायन घालत असल्याचं स्टॅनफर्डच्या संशोधकांनी तिथल्या सहकाऱ्यांबरोबर २०१९ मध्ये दाखवलं होतं, त्यामुळे आता शिशाचा माग काढणारा कुणीही आधी हळदीच्या डब्याशीच जातो. हळद स्वच्छ निघाली. काजळ स्वच्छ. शेंदूर, जो पारंपरिक रूपात शिशाचा ऑक्साइडच असतो, तोही या घरचा साधा रंग निघाला. आजीला त्याचं थोडं वाईटच वाटलं. ॲल्युमिनियमची जुनी कढई घेताना मला धाकधूक होती, कारण भंगारातून ओतलेल्या भांड्यांतून अन्नात शिसं उतरल्याचे अभ्यास आहेत. तीही सुटली. भिंतीवरच्या ऑइल पेंटच्या आतल्या थरात शिसं होतं, पण पोपडे सुटलेले नव्हते.

मग बंदरावर शाकारून ठेवलेली होडी. तिच्या लाल अस्तरावर बंदूक टेकवताच आकडा आभाळाला भिडला. होडीचा रंग घरगुती रंगांच्या नियमात येत नाही. जून-जुलैच्या मासेमारीबंदीत बाप आणि काका होडी खरवडतात, नवा रंग देतात, तेच कपडे घालून घरी येतात. सगळं जुळत होतं. मी वहीत ‘होडीचा रंग’ असं लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या. आम्ही खुश होऊन वडापाव खाल्ला.

मासळीचेही नमुने आले होते. त्या घरी शिजणाऱ्या मासळीच्या मांसात शिसं किलोला ०.३ मिलिग्रॅम या अन्नसुरक्षेच्या मर्यादेच्या आतच होतं. पारा माशाच्या मांसात वाढत जातो, मोठा मासा छोट्याला खातो तसतसा अधिकच. शिशाची चाल वेगळी आहे. ते हाडांत, कल्ल्यांत, शिंपल्यांत अडकतं, मांसात फारसं राहत नाही. म्हणून तिसऱ्या-कालवांसारख्या शिंपल्यांबद्दल जपून बोलावं लागतं. बांगड्याच्या तुकड्याबद्दल इतकं नाही.

फरशी काय म्हणाली

रेघा मारून झाल्यावर पुसण्यांचे निकाल आले. फरशीचा मोजका चौकोन ओल्या पुसणीने पुसून प्रयोगशाळेत पाठवायचा असतो. आम्ही चार जागा पुसल्या होत्या: दार, झोपायची जागा, मोरीजवळ, आणि स्वयंपाकघरातल्या खिडकीखाली. होडीवरून शिसं येत असतं तर ते दाराशी, जिथे खुंटीला कपडे टांगतात तिथे, सर्वांत जास्त असायला हवं होतं. तिथे बेताचंच होतं. खिडकीखाली मात्र दाराच्या कितीतरी पट.

हा विसंगत आकडा आम्ही दोन दिवस वापरलाच नाही. नमुन्यांची अदलाबदल झाली असेल असं मीच म्हणाले. चांगली गोष्ट जमून आल्यावर तिच्यात न बसणारा आकडा चुकीचा वाटायला लागतो. ही सवय मला अजून गेलेली नाही. आमच्यातली सर्वांत धाकटी मुलगी, एमएस्सीच्या पहिल्या वर्षाची, हट्टाने परत गेली आणि तिने आजीला विचारलं, “खिडकीखाली कोण बसतं?”

“तिथं म्हाताऱ्याचा कारखाना,” आजी म्हणाली.

प्रश्नावलीत आजोबांच्या नावापुढे ‘काम: काही नाही, घरी असतात’ असं लिहिलेलं होतं. ते मीच लिहिलं होतं, आणि ते त्यांनी सांगितलं होतं तसंच. होडीवर जाणं बंद झाल्यापासून ते स्वतःला काम करणारा माणूस धरतच नव्हते. मात्र आसपासच्या खाडीत पाग टाकणारे त्यांच्याकडूनच मणी घेत. पाग म्हणजे हाताने गोल फेकायचं जाळं. त्याच्या काठाला चहूबाजूंनी शिशाचे मणी ओवलेले असतात, त्यांच्या वजनाने तो पाण्यात उघडून तळाशी बसतो. एका पागाला काही किलो शिसं लागतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही बसून पाहिलं. भंगारवाल्याकडून किलोवर आणलेलं शिसं: गाडीच्या चाकाला लावतात ती वजनं, जुन्या नळाचे तुकडे. लोखंडी पळी, तिची मूठ फडक्याने गुंडाळलेली. गॅसच्या शेगडीवर पळी धरली की काही वेळात तुकडे वाकतात, मग एकदम सांडल्यासारखे वितळतात; शिसं ३२७ अंशांना वितळतं, त्याला भट्टी लागत नाही. वर राखाडी साय येते. ती आजोबा चमच्याच्या कडेने बाजूला करून खिडकीच्या कट्ट्यावर झटकत. मग दोन पाखांचा लोखंडी साचा, त्यातून आरपार घातलेली सायकलच्या चाकाची तार. ओतायचं, थांबायचं, साचा उघडायचा, तार ओढायची: मध्ये भोक असलेला चकचकीत मणी. काठाला राहिलेली पापुद्र्यासारखी किनार कानशीने घासायची. घासलेलं खाली पडायचं आणि दिवसातून एकदा आजी केरसुणीने काढायची. कोरड्या केरसुणीने.

मग ओवणं. शिंपी टाचण्या धरतो तसे आजोबा चार-पाच मणी ओठांत धरून एकेक दोरीत सरकवत होते. शेजारी पागाच्या ढिगावर नात बसली होती. तिच्या ओठांतही एक होता.

कुणी काहीच बोललं नाही. मी पुढे होऊन तो काढून घेतला तेव्हा ती रडली आणि आजोबा माझ्यावर ओरडले.

मिठाच्या बारीक कणाएवढा शिशाचा तुकडा, म्हणजे कडेला ०.३ मिलिमीटर, वजनाला जवळजवळ ०.३ मिलिग्रॅम भरतो. म्हणजे ३०० मायक्रोग्रॅम. मर्यादेला टेकलेली मासळी ५० ग्रॅम खाल्ली तर पोटात जातात १५. कानशीतून पडलेला एक कण आणि मासळीची वीस जेवणं बरोबरीची झाली. धातूचा कण पोटात पूर्ण विरघळत नाही, हे खरं. पण राखाडी सायीतला ऑक्साइड सहज विरघळतो, आणि ती तर पिठासारखी बारीक होती. त्यात मोठ्या माणसाचं आतडं गिळलेल्या शिशातलं साधारण दहावा भाग घेतं, लहान मुलाचं जवळजवळ अर्धं. लोह कमी असेल तर आणखी. या मुलीचं हिमोग्लोबिन कमीच होतं.

पावसाळाच का

ही एक गोष्ट मला अजून आवडते, म्हणून जरा रेंगाळते. आजोबा बारा महिने घरात शिसं ओतत नव्हते. ऑक्टोबर ते मे त्यांचा ‘कारखाना’ अंगणात असायचा, वाऱ्यावर. पावसाळ्यात तो आत यायचा. मी विचारलं, पत्र्याखाली पडवीत का नाही? ते बऱ्याच दिवसांनी नीट बोलले: “पान्याचा थेंब पळीत पडला तर शिसं उडतं. डोळा जातो.” अगदी बरोबर. वितळलेल्या धातूत पाणी गेलं की त्याची क्षणात वाफ होते आणि धातू फुटून उडतो. त्यांच्या ओळखीच्या एकाचा डोळा तसाच गेला होता. डोळे वाचवायला त्यांनी काम आत आणलं होतं.

त्यात पावसाळ्यातच मागणी. यांत्रिक होड्या १ जून ते ३१ जुलै बंद. वस्तीभर जाळी दुरुस्त होतात, नवे पाग विणले जातात, नारळी पौर्णिमेच्या आधी सगळ्यांना मणी हवे असतात. खिडक्या बंद, पोरं दिवसभर घरात. रक्तातल्या शिशाचं अर्धं आयुष्य साधारण एक महिन्याचं, म्हणजे तेवढ्या काळात ते निम्म्यावर येतं, त्यामुळे रक्ताचा आकडा मागच्या काही आठवड्यांचीच गोष्ट सांगतो. आम्ही नेमक्या जुलैच्या शेवटी पोचलो होतो. हेच नमुने एप्रिलमध्ये घेतले असते तर आकडा कमी आला असता, त्या घरापुढे ‘ठीक’ अशी खूण झाली असती आणि आम्ही पाऱ्यावर निबंध लिहून मोकळे झालो असतो. सर्वेक्षणाची तारीख पथकाच्या सुट्ट्यांवरून ठरवली जाते, हे मी विद्यार्थ्यांना थोडं चिडूनच सांगते.

सांगायचं कुणी, कसं

संमतिपत्रात एक ओळ होती: वैयक्तिक निष्कर्ष सहभागींना कळवले जाणार नाहीत. पथकातल्या ज्येष्ठांची बाजू अशी होती की बोटाचा आकडा फसवा असतो, शिरेतल्या रक्ताचा निकाल येऊ दे, मग नैतिकता समितीला विचारू. माझं म्हणणं होतं की आईला आज सांगा. आम्ही निकालाची वाट पाहिली. समितीने तासाभरात होकार दिला. अडलं होतं ते आमच्याच भीतीपाशी. त्या पाच दिवसांत नारळी पौर्णिमेच्या ऑर्डरी चालू होत्या. स्रोत तेव्हा ठाऊक नव्हता, तरी ‘हात धुवा, ओल्या फडक्याने पुसा, तोंडात काही घालू देऊ नका’ एवढं सांगायला स्रोत लागत नाही.

सांगितल्यावर जे झालं त्याची तयारी आमच्यापैकी कुणाचीच नव्हती. सून धुरावरून सासऱ्यांशी दोन वर्षं भांडत होती. आता तिच्या हातात विद्यापीठाचा कागद आला. त्यावर आम्ही लिहिलं होतं, ‘संभाव्य स्रोत: आजोबांचे काम’. हे चार शब्द मी आज लिहिणार नाही. ‘स्वयंपाकघरात शिसं वितळवणं आणि घासणं’ असं लिहिता आलं असतं. अर्थ तोच राहिला असता आणि कुणा माणसाचं नाव आलं नसतं. सुनेने कागद फ्रिजवर चिकटवला. आजोबांनी आमच्याशी बोलणं सोडलं, आणि आठवडाभर घरात जेवले नाहीत, असं आजीने वस्तीतल्या आरोग्यसेविका आशाताईंना सांगितलं.

वस्तीत वेगळीच हूल उठली: अमक्याच्या नातीच्या रक्तात विष निघालं. विष म्हटलं की मासळीच. दोन बायका आमच्या विभागात येऊन बसल्या. त्यांचं बरोबर होतं. आम्ही एका घराला उत्तर दिलं होतं आणि बाकीच्यांना अंदाज करायला सोडलं होतं. समाजमंदिरात सगळ्यांना बोलावलं. त्या घराचं नाव घेतलं नाही (सगळ्यांना माहीत होतंच). पळी, साचा आणि कानस टेबलावर ठेवली, मण्यावर बंदूक टेकवली, मग शेजारी बोंबिलावर टेकवली. बोंबिलावर बंदूक टेकवणं शास्त्र म्हणून फार भक्कम नाही. इतक्या कमी प्रमाणासाठी ते यंत्र नाहीच. प्रयोगशाळेचे आकडे मी नंतर सांगितले, पण लोकांच्या लक्षात बोंबीलच राहिला. याबद्दल माझं मन अजून पुरतं ठरलेलं नाही.

तिथेच एक म्हातारे नाखवा म्हणाले, “असं म्हणता तर आमच्याकडे पण ओततात.” आणखी हात वर झाले. प्रश्नावलीत ‘कुटुंबप्रमुखाचा व्यवसाय’ हा रकाना होता. त्यात या सगळ्या घरांनी ‘मासेमारी’ लिहिलं होतं, आणि ते खरंच होतं. त्यानंतर आम्ही विचारतो: घरात कुणी, कधीही, काही वितळवतं का?

पुढे

करायच्या गोष्टी महाग नव्हत्या. ओतण्याचं काम बंदरावरच्या शेडमध्ये, वर ताडपत्री, बाजू उघड्या. कानस ओल्या कागदाच्या ट्रेवर, कागद गुंडाळून भंगारवाल्याला परत. पळी-साचा घरी आणायचे नाहीत. स्वयंपाकघर साबणाच्या पाण्याने तीनदा पुसलं, चटई टाकून दिली, केरसुणीऐवजी ओलं फडकं. मुलीला लोहाचं औषध आशाताईंनी सुरू केलं. आहाराचा तक्ता आमच्या आहारतज्ज्ञ बाईंनी दूध-पनीर लिहून आणला होता. आजीने तो वाचून बाजूला ठेवला आणि नाचणीची भाकरी, सालासकट जवळा आणि वर कोकमाचं सार यावर काम भागवलं. कॅल्शियम आणि लोह दोन्ही त्यात होतं.

सर्वांत अवघड ठरलं ते ओठांतले मणी. मणी घराबाहेर गेले, पण सवय आजोबांबरोबर शेडमध्येही गेली.

डिसेंबरमध्ये मुलीचा आकडा १३ होता. अर्ध्या आयुष्याच्या हिशोबाने त्याहून खूप खाली यायला हवा होता, पण हाडांत गेलेलं शिसं वर्षानुवर्षं परत रक्तात झिरपत राहतं. आईला हे समजावून सांगणं कठीण गेलं. तिला वाटलं की सासरे लपून ओततात. पुढच्या जुलैच्या शेवटी परत रक्त घेतलं: ११. पावसाळा आला, मागणी आली, आणि आकडा चढला नाही. आमच्यासाठी हा सर्वांत चांगला पुरावा होता. पण मुलगी वर्षाने मोठी झाली होती आणि तोंडात वस्तू घालणं वयाबरोबर तसंही कमी होतं, त्यामुळे सगळं श्रेय शेडला देता येत नाही. दोन्ही वाटे वेगळे काढायला आमच्याकडे आकडे नाहीत.

पाऱ्यावरचा निबंध अजून पूर्ण झालेला नाही.

त्या दुसऱ्या जुलैत मी बंदरावरच्या शेडमध्ये गेले. आजोबा ताडपत्रीखाली बसून ओवत होते. मला बघून त्यांनी ओठांतले मणी काढून वाटीत ठेवले, म्हणजे बोलायचं होतं. नळावर जाऊन साबण लावून हात धुतले, दोनदा, नखांसकट, आणि बोट पुढे केलं. “माझं पन घ्या. पन सुनेला सांगायचं नाय.”

घेतलं. तीन मिनिटं दोघंही पावसाकडे बघत बसलो. आकडा आला तो त्यांना सांगितला, त्याचा अर्थ सांगितला, पालिकेच्या दवाखान्यात कुणाला भेटायचं तेही सांगितलं. सुनेला सांगितलं नाही. वर्गातही सांगत नाही, त्यामुळे तो इथेही लिहिलेला नाही.